बेटावरची कळशी

माझं माहेर रिसोडचं. गावाबाहेर आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. चैत्र लागला की विहीर खाली जायची आणि बाबा मोट दिवसातून दोनच वेळा चालवायचे. वाफ्यात पाणी फिरवायचं काम माझ्याकडं असायचं. कधी पाटाची माती फुटून पाणी वाटेवर गेलं तर बाबा ओरडत नसत. फावडं घेऊन येत, माती लावत आणि माझ्याकडं न बघता परत जात. मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जे केलं ते पाण्याची किंमत न कळणाऱ्या बाईनं केलं असं कोणी म्हणू नये.

लग्न होऊन मी जऊळक्याला आले. मालक तिथल्या शाळेत मास्तर होते. त्यांच्याबरोबर दोन वर्षं एक कोकणातले मास्तर शिकवायला होते. एकटेच राहायचे, रोज संध्याकाळी आमच्याकडं चहाला यायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायची. आमच्याकडच्या उन्हानं ते हैराण व्हायचे आणि समुद्राच्या गोष्टी सांगायचे. आम्ही दोघांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पुढं त्यांना त्यांच्या मुलखात शाळा मिळाली. जाताना म्हणाले, "वहिनी, सुट्टीत दोघांनी यायचंच. तुम्हाला होडीतून एका बेटावर नेतो. माणसाचं घर नाही तिथं. नुसती वाळू आणि पाखरं."

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही खरंच निघालो. जऊळक्याला गाडीत बसलो ते अकोल्यावरून मुंबई, आणि मुंबईहून आगबोटीनं खाली मालवणच्या बाजूला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची असेन. निघताना आईनं मला रिसोडच्या बाजारातून एक लुगडं आणून दिलं होतं, गर्द हिरवं, पिवळ्या काठाचं. म्हणाली, "परक्या मुलखात जाऊन राह्यली, माहेरचं कापड अंगावर असू दे." तोवर माझ्याजवळ असं चांगलं लुगडं नव्हतं. गाडीत मी ते गाठोड्यातून काढून दोनदा पाहिलं.

भाऊजींचं घर नारळीच्या बागेत होतं. त्यांची आई साठीच्या पुढची, बारीक अंगाची, सतत बोलणारी. मला ती पहिल्या दिवसापासून 'गो चेडवा' म्हणायची, म्हणजे पोरी. तिची भाषा मला अर्धी कळायची, माझी तिला अर्धी. तरी आमचं जमलं. भाऊजींची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळं चुलीजवळ आम्ही दोघीच. चौथ्या दिवशी बेटावर जायचं ठरलं तेव्हा म्हातारी म्हणाली, मी पण येणार, पाव्हणीबरोबर कोण हवं ना. भाऊजी नको म्हणत होते, पण तिनं ऐकलं नाही.

होडी गावातल्याच एका माणसाची होती. चाळिशीचा असेल. काळा, दणकट, आणि फार कमी बोलणारा. पहाट फुटायच्या वेळेला आम्ही पाच जण निघालो: मालक, भाऊजी, म्हातारी, मी आणि तो. बरोबर तांदूळ, भाकरी, चटणी, एक मोठी तांब्याची घागर आणि एक कळशी. दोन्ही भाऊजींच्या विहिरीवरून भरून घेतलेल्या. मी नवं लुगडं नेसले होते. म्हातारी म्हणाली जुनं नेस, मी हसून टाळलं. जुनं एक गाठोड्यात होतं, ते असू दिलं.

पाणी तेव्हा थाळीसारखं सपाट होतं. मालक होडीच्या काठाला दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि भ्यायलेत हे कळू नये म्हणून मला सारखं विचारत होते, "भेव तर नाही ना वाटत तुले?" मला भीती वाटत नव्हती. मी हात खाली सोडून पाण्यातून ओढत होते. बेट दिसलं तेव्हा सूर्य वर आला होता. एका बाजूला काळे खडक, त्यांच्यावर केवड्याची बनं, आणि पुढं पांढऱ्या वाळूचा लांब पट्टा. त्या वाळूवर पाखरांच्या पायांशिवाय कशाचीच खूण नव्हती. मी आयुष्यात इतकी कोरी जागा पाहिली नव्हती.

उतरायला धक्का वगैरे काही नव्हता. कमरेइतक्या पाण्यात उडी टाकून चालत जायचं. होडीवाल्यानं म्हातारीला उचलून वाळूवर नेऊन ठेवलं. मी उतरले आणि तेवढ्यात एक लाट आली, ती छातीपर्यंत भिजवून गेली.

घागर आणि कळशी होडीवाल्यानं शेवटी आणली. कळशी त्यानं एका मोठ्या खडकाच्या सावलीत वाळूत बसवली आणि वर ओलं फडकं टाकलं. मग आम्हा बायकांकडं बघून सावकाश म्हणाला, "ह्या बेटार गोडा पाणी नाय. घागरीतला आधी वापरा. कळशी दुपारसाठी ऱ्हवांदे." मला त्याची भाषा कळणार नाही म्हणून भाऊजींनी परत सांगितलं, कळशी दुपारसाठी राहू द्या. दोघांचंही मी नीट ऐकलं.

सकाळ फार सुखाची गेली. पुरुष मंडळी वाळूवर लांब फिरायला गेली. मी आणि म्हातारीनं तीन दगड मांडून भात शिजवला. घागरीतलं पाणी भाताला गेलं, प्यायला गेलं, हातावर गेलं. जेवून म्हातारी केवड्याच्या सावलीत आडवी झाली. मालक आणि भाऊजी पलीकडच्या टोकाला पाखरांची घरटी बघायला गेले. होडीवाला पाण्याजवळ होडीच्या दोऱ्या बांधत होता.

माझं लुगडं अंगावरच वाळलं होतं. वाळल्यावर त्यावर पांढरे डाग उमटले, काठावर तर मिठाची रेघच दिसत होती, आणि कापड कडक होऊन टोचत होतं. मला वाटलं, हे आता असंच राहणार. नवं लुगडं गेलं. आई विचारेल. खडकामागं जाऊन मी जुनं नेसले आणि नवं हातात घेऊन उभी राहिले. समोर कळशी होती.

ती उचलून मी खडकामागच्या कातळावर नेली. मनात म्हटलं, थोडंसं काठावर घालू. काठ धुतला तर तेवढाच भाग हिरवागार झाला आणि बाकीचं आणखी मळकं दिसायला लागलं. मग पदर धुतला. मग वाटलं, आता संध्याकाळी घरीच तर जायचं आहे, कोणाला लागतंय पाणी. असं करत मी सगळं लुगडं त्या गोड्या पाण्यातून काढलं. शेवटचं पाणी झटकून पिळलं तेव्हा कळशीत तळाशी घोटभरही राहिलं नव्हतं. लुगडं मी खडकाच्या मागच्या अंगाला एका झुडपावर वाळत टाकलं.

तेव्हा मला भान आलं. पण भान आल्यावर मी काय केलं ते सांगते. म्हातारीला उठवून सांगितलं नाही. कळशी मी परत पहिल्या जागी नेऊन वाळूत आडवी करून ठेवली, आपोआप कलंडल्यासारखी. फडकं बाजूला टाकलं. आणि जाऊन म्हातारीच्या शेजारी डोळे मिटून पडले.

थोड्या वेळानं वारा उठला. माणसं परत आली तेव्हा समुद्र सगळा पांढरा झाला होता. भाऊजींनी विचारलं, "निघायचं का?" होडीवाल्यानं समुद्राकडं बघून मान हलवली. "आता होडी घालूक जमाची नाय. दिस कलांदे." म्हणजे दिवस कलल्यावर वारा पडेल, तोवर थांबायचं. पाच तास तरी होते. ऊन डोक्यावर होतं, वाळू तापून पाय ठेववत नव्हता, आणि केवड्याची सावली किती ती.

म्हातारी उठून बसली आणि म्हणाली, "माका पाणी दी गो, चेडवा." मी घागर वाकवली. अर्धा तांब्या निघाला, तो तिला दिला. मालक कळशी आणायला गेले आणि तिथूनच ओरडले, "अबे, ही तं सांडली!"

सगळे तिथं जमले. मालकांनी कळशीखालची वाळू बोटांनी उकरली. मास्तर होते ते, कुठं काय बघायचं त्यांना कळायचं. वाळू वरही कोरडी, खालीही कोरडी. ते म्हणाले, "सांडलं असतं तं वाळू ओली राह्यली असती. कोनीतरी पिलं हे. नाहीतर टाकून देल्लं." मग माझ्याकडं वळून सरळ विचारलं, "तू इथंच होती ना? कोन आलं होतं इकडे?"

आता सांगायची वेळ होती. माझं तोंड उघडलंही. पण निघालं ते असं: "मी निजली होती. मघा तेच होते कळशीजवळ." आणि मी होडीवाल्याकडं पाहिलं.

बोललेलं खोटं नव्हतं, असं मी मनाला नंतर किती वेळा सांगितलं. सकाळी कळशी त्यानंच तर तिथं ठेवली होती.

मालकांना राग पटकन यायचा. ते त्याच्या अंगावर गेले, त्याच्या उघड्या खांद्याला धरून त्याला हलवलं. "काहून पिलं बे? म्हातारी मानूस आहे संग, समजत नाही तुले?" तो म्हणाला, "मी पाणी पिऊक नाय." म्हणजे, मी प्यालो नाही. एकदाच म्हणाला. त्याच्याजवळ स्वतःची एक पाण्याची बाटली होती, ती रिकामी होती. मालकांनी तीही उचलून दाखवली, की बघा, स्वतःचं संपलं म्हणून आमचं प्याला. भाऊजी मध्ये पडले, मालकांना बाजूला घेतलं. पण त्यांनीही होडीवाल्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मला दिसली. गावातलाच माणूस, पिढ्यांची ओळख, आणि पाहुण्यांसमोर त्यानं आपल्याला खाली पाहायला लावलं, अशी ती नजर होती.

मी जवळच उभी होते. मी हात पदरात लपवले होते. ते अजून ओले आहेत असं मला वाटत होतं.

पुढचा तासभर आम्ही केवड्याच्या सावलीत बसून काढला. मग म्हातारीला मळमळायला लागलं. तिनं खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. ओठ पांढरे पडले, काहीतरी भलतंच बोलायला लागली, मला कोणा दुसऱ्याच बाईच्या नावानं हाका मारायला लागली. भाऊजींनी धोतराचं टोक समुद्रात बुडवून तिच्या कपाळावर ठेवलं. मी वारा घालत होते. आमच्याकडं उन्हाळ्यात कोरड्या पात्रात वाळू उकरली की झिरा लागतो, म्हणून मी खडकाच्या अलीकडं दोन्ही हातांनी उकरायला लागले. कोपरभर खोल गेल्यावर पाणी आलं. तोंडात घेतलं तर खारट. तरी मी उकरतच राहिले. मालक म्हणाले, "पुरे कर, त्यात काई नाही," तेव्हा थांबले.

होडीवाला उठला आणि होडी पाण्याकडं लोटायला लागला. भाऊजी धावले. "अरे, तूच म्हणालास ना होडी घालता येत नाही म्हणून?" तो म्हणाला, "मी एकटो गेलंय तर जमात. तुमका घेऊन नाय." घागर होडीत टाकून तो गेला. लाटेवर होडी उभी व्हायची आणि मग दिसेनाशी व्हायची. मालकही उठून उभे राहिले होते. "बुडते का काय," असं स्वतःशीच म्हणाले.

तो दीड-दोन तासांनी परत आला. घागर भरलेली आणि पाच-सहा शहाळी. त्याच्या उजव्या हाताला डोईचा पंचा गुंडाळलेला होता आणि पंचा लाल झाला होता. गावाच्या बाजूला होडी वर ओढताना लाटेनं ती खडकावर आपटली आणि दोन बोटं मध्ये सापडली होती. हे त्यानं भाऊजींनी विचारल्यावर सांगितलं. शहाळं डाव्या हातानं फोडायला त्याला जमेना, ते भाऊजींनी फोडलं. म्हातारीला घोट घोट पाजलं. अर्ध्या तासात ती माणसात आली. तिच्यानंतर मी प्याले. घसा इतका कोरडा होता की मी थांबू शकले नाही. तांब्याभर पाणी उभ्या उभ्या प्याले, आणि पिऊन झाल्यावर लक्षात आलं, त्या माणसाला अजून कोणी दिलं नव्हतं.

दिवस कलल्यावर वारा खरोखर पडला. निघताना मी झुडपावरचं लुगडं पटकन काढून घडी करून मांडीवर घेतलं. ते स्वच्छ झालं होतं. मऊ झालं होतं. तो डाव्या हातानं आणि उजव्या मनगटानं वल्हवत होता. मालक म्हणाले, "आना, मी वल्हवतो." त्यानं मान हलवून नको म्हटलं. मी त्याच्या समोर बसले होते. बेट मागं पडल्यावर त्यानं माझ्या मांडीवरच्या घडीकडं पाहिलं, आणि हळू आवाजात, जसं घरातल्या बाईला विचारावं तसं विचारलं, "लुगडा सुकला मां?"

म्हणजे, लुगडं वाळलं ना?

बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही. भाऊजी तर हसले, म्हणाले, वहिनींना सकाळी लाटेनं चांगलंच भिजवलं. मी मान हलवली. तो पुन्हा समुद्राकडं बघायला लागला. त्यानं झुडपावर वाळत पडलेलं लुगडं पाहिलं होतं. खाऱ्या पाण्यातून काढलेलं कापड वाळल्यावर कसं दिसतं हे त्याला सांगावं लागत नव्हतं. मालक त्याला धरून हलवत होते तेव्हाही त्याला माहीत असेल. तेव्हा त्याला बोट दाखवता आलं असतं. बहुधा बाईमाणसाला, त्यातून पाहुणीला, नवऱ्यासमोर उघडं पाडायचं नाही एवढंच त्याच्या मनात असावं. का, आपलं कोण ऐकणार, असं वाटलं असेल. मला कळायला मार्ग नाही.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. आगबोटीवर, गाडीत, घरी आल्यावर, मी रोज ठरवायची की आज मालकांना सांगीन. रोज काहीतरी निमित्त मिळायचं. ते लुगडं मी धाकट्या बहिणीला देऊन टाकलं. आईनं विचारलं, "काहून देल्लं? किती आवडलं होतं तुले." मी म्हटलं, रंग उडाला. रंग उडाला नव्हता.

पावसाळा संपता संपता भाऊजींचं पत्र आलं. मालकांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलगा झाला होता. म्हातारी बरी होती. आणि शेवटी लिहिलं होतं, की त्या होडीवाल्याची दोन बोटं आता वळत नाहीत, वल्हं नीट धरता येत नाही. गावात ती गोष्ट पसरली आहे, पोरं त्याला पाणीचोर म्हणून चिडवतात. आम्हीही आता दुसरी होडी सांगतो.

मालक पत्राची घडी करत म्हणाले, "बरं झालं. म्हातारी मरून जाती त्याच्यापाई."

ते ऐकवलं नाही मला. मी तिथंच, निवडत बसलेली मेथी समोर ठेवून, सगळं सांगितलं. लुगडं, कळशी, आडवी करून ठेवणं, सगळं. झाल्यावर मालक उठले, टोपी घातली आणि शाळेत निघून गेले. संध्याकाळी आले ते न जेवता ओट्यावर बसून राहिले. मी चार वेळा बोलावलं तेव्हा म्हणाले, "मी त्याच्या अंगाले हात लावला. म्हाताऱ्या मानसाच्या जिवासाठी बोलून राह्यलो असं वाटलं मले. तुले एवढंच म्हनायचं होतं, मी सांडलं. मी काय तुले मारलं असतं का?"

मारलं नसतं. ते मला तेव्हाही माहीत होतं. चारचौघांत बोलले असते, बस.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दौत-कागद माझ्यासमोर ठेवला. "तू लिही. तुह्या हातानं." माझं चौथीपर्यंत शिक्षण झालं होतं, अक्षर वेडंवाकडं होतं. मी लिहिलं की पाणी त्यांनी घेतलं नाही, मी लुगडं धुतलं, आणि हे पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवावं. मालकांनी ते वाचलं, खाली त्यांच्याकडून माफीच्या दोन ओळी लिहिल्या आणि टपालात टाकलं.

भाऊजींचं उत्तर महिन्याभरानं आलं. त्यांनी पत्र होड्या लागतात त्या जागी, माणसं जमवून वाचलं होतं. काही लोक हसले. म्हातारी रडली आणि त्याच्या घरी जाऊन आली. होडीवाला एवढंच म्हणाला, की माहीत होतं मला, बाई भ्याली असेल. मग त्यानं आम्हा दोघांची खुशाली विचारली.

मालकांना त्यानं बरं वाटलं. ते दोन-तीन दिवसांत माझ्याशी मोकळं बोलायला लागले. मला मात्र बरं वाटलं नाही, कारण माझ्या पत्रात एक गोष्ट नव्हती. 'मघा तेच होते कळशीजवळ' हे मी बोलले होते, ते मी लिहिलं नव्हतं. मालकांना सांगतानाही ते वाक्य मी गाळलं होतं. त्यांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि पत्र वाचताना ते त्यात नाही हे त्यांच्यासारख्या माणसाच्या लक्षात आलं नसेल असं होणार नाही. पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनीही त्या वाक्यावरूनच तर त्याला धरलं होतं. पुढच्या सगळ्या संसारात आम्ही दोघांनी ते मधोमध ठेवून दिलं आणि त्याच्या बाजूबाजूनं चालत राहिलो. आणि भ्याली असेल, असं तो म्हणाला, तेही खरं नव्हतं. भीतीनं नव्हे, मी वाईट दिसू नये म्हणून बोलले होते.

मालकांच्या मनात स्वतः जाऊन यायचं होतं. एका सुट्टीला आजारपण आलं, पुढं लढाई सुरू झाली आणि आगबोटींचं काही खरं राहिलं नाही. जाणं झालं नाही.

लढाईच्या मधल्या वर्षांत, मालकांना न सांगता, मी भाऊजींना दुसरं पत्र लिहिलं. त्यात ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि खाली लिहिलं की मी हे मुद्दाम बोलले होते. उत्तर भाऊजींच्या बायकोच्या अक्षरात आलं. हे आता नोकरीला परगावी असतात, सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. होडीवाल्यानं होडी विकली, मुलाबरोबर मुंबईला गेला, गोदीत काही काम मिळालं म्हणतात, पत्ता कोणाला ठाऊक नाही. तुमचं पत्र वाचून दाखवावं असं इथं कोणी उरलं नाही, म्हणून मी ते जपून ठेवलं आहे, तुम्हाला परत हवं असल्यास कळवा.

मी कळवलं नाही.